मूल सज्ञान, कागद मात्र घरच्या कपाटात
(आमच्या प्रतिनिधीकडून)

सातारा-सांगलीकडच्या बहुतेक घरांत लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक जाड फाईल असते. सातबाराचे उतारे, शिधापत्रिका, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, घरपट्टी, विजेची बिले आणि त्यांच्या मध्येच घरातल्या प्रत्येकाच्या आधार व पॅन कार्डाच्या झेरॉक्स प्रती. मुलगा पुण्यात नोकरीला लागून पाच वर्षे झालेली असतात, मुलीचे लग्न होऊन ती कऱ्हाडला नांदत असते. तरी दोघांचेही कागद त्याच फाईलमध्ये असतात. खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिकांची मुले देशाच्या दुसऱ्या टोकाला सोन्या-चांदीच्या भट्ट्या सांभाळत असतात आणि त्यांच्या ओळखीचे सर्व पुरावे विट्याजवळच्या गावातील घरी असतात. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात मुलगा सीमेवर आणि कागद घरात, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

यात कोणाला काही गैर वाटत नाही, आणि बहुतेक वेळा ते गैर नसतेही. गावचे तलाठी कार्यालय, जिल्हा बँकेची शाखा, महा-ई-सेवा केंद्र येथली कामे करायची कोणी, तर जो घरी आहे त्याने. प्रश्न उद्भवतो तो निराळ्या ठिकाणी. ज्याच्या नावाचा कागद आहे, त्याला त्या कागदाचा उपयोग कोठे झाला हे माहीत असते काय? आणि त्याने ‘माझा क्रमांक मला विचारल्याशिवाय कोणाला देऊ नका’ असे आई-वडिलांना सांगितले, तर कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो काय?

अठराव्या वर्षी काय बदलते

१८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्यानुसार वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की व्यक्ती सज्ञान होते. त्या दिवशी घरात काहीच बदलत नाही. कागदोपत्री मात्र बरेच काही बदलते. अज्ञान मुलाच्या बँक खात्यावर पालक म्हणून वडिलांची सही चालत असते, ती त्या दिवसापासून चालत नाही. बँकेने नव्या खातेदाराची नमुना सही आणि नव्या सूचना घ्यायच्या असतात. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार तर दहा वर्षांवरील मुलांनाही, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत, स्वतःचे खाते स्वतः चालवता येते. अज्ञान मुलाचे व्याज वडिलांच्या किंवा आईच्या उत्पन्नात मिळवण्याची प्राप्तिकर कायद्यातील तरतूदही मूल सज्ञान झाल्यावर लागू राहत नाही. पुढे ते उत्पन्न मुलाचे स्वतःचे.

आधारच्या बाबतीत एक तरतूद फारशी कोणाला ठाऊक नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार योजना वैध ठरवली, परंतु लहानपणी पालकांच्या संमतीने आधार काढलेल्या मुलांना सज्ञान झाल्यावर त्यातून बाहेर पडण्याची मुभा असली पाहिजे, असेही सांगितले. त्यानुसार २०१९ च्या दुरुस्तीने आधार कायद्यात ‘३-अ’ हे कलम आले. अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत आधार क्रमांक रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. महाविद्यालयाचा प्रवेश, शिष्यवृत्ती, बँक खाते या साऱ्यांसाठी नेमक्या त्याच सहा महिन्यांत आधार हवे असते, त्यामुळे हा अधिकार बजावणारा विरळाच. तरीही तो अधिकार पालकांना नसून मुलाला आहे, ही गोष्ट महत्त्वाची.

याच्या आधी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने न्या. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर एकमुखाने निकाल देऊन खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले होते. पण मूलभूत हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध मागता येतो. वडिलांविरुद्ध तो कसा मागायचा?

कायदा उंबऱ्यापाशी थांबतो

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संस्थांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची, असे वेळापत्रक ठरले. हा कायदा वाचताना तिसऱ्या कलमाशी थांबावे लागते. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती हाताळली, तर हा कायदा तिला लागूच होत नाही. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या नियमावलीतही अशीच सूट आहे. म्हणजे आईने मुलीचे आधार कार्ड कपाटात ठेवले, वडिलांनी मुलाचा पॅन क्रमांक वहीत लिहून ठेवला, मामाने भाचीच्या जन्मदाखल्याचे छायाचित्र घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले, यांपैकी कशाचीही दाद या कायद्याखाली मागता येणार नाही. मात्र ती प्रत ज्या बँकेने, पतसंस्थेने वा महाविद्यालयाने घेतली, त्या संस्थेला ही सूट नाही. खातेदार सज्ञान असताना त्याच्या वडिलांना शिल्लक सांगणारा कारकून घरगुती काम करत नसतो.

फौजदारी बाजूही अशीच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-सी दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळखीचे विशिष्ट चिन्ह वापरल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. पण त्यासाठी वापर कपटाने किंवा अप्रामाणिकपणे झालेला असावा लागतो. मुलाचा अर्ज त्याच्या सांगण्यावरून भरणारा बाप गुन्हेगार नव्हे. त्याच क्रमांकावर मुलाला न सांगता कर्ज उचलणारा बाप मात्र या कलमात येऊ शकतो, नाते काहीही असो. अशा वेळी पोलीस ठाण्याची पायरी चढायला मुले धजावत नाहीत, हा भाग वेगळा.

अमेरिकेत १९७४ च्या एका कायद्याने विद्यार्थी अठरा वर्षांचा झाला किंवा उच्च शिक्षणात गेला की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा अधिकार पालकांकडून त्याच्याकडे जातो; पालक त्याला प्राप्तिकरासाठी अवलंबित दाखवत असतील तर महाविद्यालय त्यांना माहिती देऊ शकते. आपल्याकडे प्रवेश अर्जात पालकांचा मोबाईल क्रमांक भरला की हजेरी, शुल्क, निकाल सगळे त्या क्रमांकावर जात राहते. वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ‘पालकांना कळवू का’ असे कोणी विचारत नाही.

ओटीपी कोणाच्या फोनवर?

खरी किल्ली कार्डात नाही, मोबाईल क्रमांकात आहे. आधार नोंदणीच्या वेळी घरात एकच फोन होता, तो वडिलांचा. तोच सर्वांच्या आधारला जोडला गेला, आणि एक क्रमांक किती आधारांना जोडावा यावर प्राधिकरणाने मर्यादा घातलेली नाही. परिणामी सज्ञान मुलगी कोणतेही काम करू गेली की सहा आकडी संकेत वडिलांच्या फोनवर जातो. आधारचा वापर कोठे झाला याचा मागील सहा महिन्यांचा तपशील प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येतो, अंगठ्याचे व डोळ्यांचे ठसे कुलूपबंद करता येतात, आधार क्रमांकाऐवजी १६ आकडी आभासी क्रमांक देता येतो, पहिले आठ आकडे झाकलेली प्रत उतरवून घेता येते. या सगळ्या सोयी उत्तम आहेत. परंतु यांतील बहुतेक सोयींसाठी आधी ओटीपी लागतो आणि तो वडिलांच्या खिशात वाजतो! त्यामुळे अठराव्या वर्षी करायचे पहिले काम म्हणजे आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा क्रमांक जोडून घेणे. या बदलाचे शुल्क ऑक्टोबर २०२५ मध्ये ५० वरून ७५ रुपये झाले.

याच्या उलट टोकाचे उदाहरण लाडकी बहीण योजनेने दाखवले. २०२४ च्या मध्यास सुरू झालेल्या या योजनेत २१ ते ६५ वयाच्या महिलांना दरमहा १,५०० रुपये देण्याचे ठरले. सप्टेंबर २०२५ मध्ये शासनाने सर्व लाभार्थींना ई-केवायसी सक्तीची केली आणि त्यात महिलेच्या स्वतःच्या आधारबरोबरच पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या फोनवरचा ओटीपी मागितला. अपात्र कुटुंबे शोधणे हा त्यामागील हेतू. पण वडिलांशी बोलणे नसलेली अविवाहित मुलगी, नवऱ्यापासून वेगळी राहणारी पण घटस्फोट न झालेली स्त्री, यांनी दुसऱ्याच्या फोनवरचा संकेत मिळवायचा कसा? पती किंवा वडील हयात नसलेल्या आणि घटस्फोटित महिलांसाठी पुढे वेगळी सोय करावी लागली आणि १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. येथे शासनानेच सज्ञान स्त्रीची ओळख घरातील पुरुषाच्या ओळखीला बांधली.

याच योजनेत सप्टेंबर २०२४ मध्ये सातारा जिल्ह्यातील एका दाम्पत्याला इतर महिलांच्या आधार क्रमांकांवर अनेक अर्ज भरल्याच्या आरोपावरून अटक झाली होती. नवी मुंबईतील एका महिलेचा अर्ज भरला जाईना, कारण तिच्या क्रमांकावर आधीच कोणी लाभ घेतला होता. तेथून हे प्रकरण उघडकीस आले. ते परक्यांचे क्रमांक होते म्हणून तक्रार झाली. घरातल्याच कोणी असे केले असते तर तक्रार झाली असती का, याबद्दल शंकेला जागा आहे.

ठेव मुलाच्या नावावर, निर्णय वडिलांचा

पश्चिम महाराष्ट्रात सहकारी बँका आणि पतसंस्था यांचे जाळे दाट आहे, आणि मुलांच्या कागदांचा सर्वाधिक वापर येथेच होतो. त्याला कारणही आहे. ठेव विमा महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेपुरते ठरावीक संरक्षण देते. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखाची पाच लाख रुपये झाली. वडिलांची आणि सज्ञान मुलाची ठेव स्वतंत्र धरली जाते. साहजिकच पंधरा लाख असलेले कुटुंब ते तिघांच्या नावांवर विभागते. कऱ्हाड जनता सहकारी बँकेवर नोव्हेंबर २०१७ मध्ये निर्बंध आले आणि ७ डिसेंबर २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला, तेव्हा या विभागणीचे महत्त्व कऱ्हाड-पाटण परिसरात घरोघरी समजले. ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल, असे रिझर्व्ह बँकेने तेव्हा जाहीर केले होते. विम्याचा दावा मात्र ज्याच्या नावावर ठेव, त्याचाच. त्याचीच ओळखपत्रे, त्याचीच सही, त्याच्याच खात्यात पैसे. (पतसंस्थांच्या ठेवींना हे विमा संरक्षण नाही, हे येथे नमूद केले पाहिजे, अनेकांचा तसा गैरसमज असतो.)

विभागणी बेकायदा नाही. बेनामी व्यवहार कायद्यातही स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या वा अपत्याच्या नावावर घेतलेल्या मालमत्तेला अपवाद आहे. अडचण होते ती मुलाला न सांगण्याने. प्रस्तुत प्रतिनिधीला आपल्या नावावर एका बँकेत तीन ठेवी आहेत, हे काही वर्षांपूर्वी प्राप्तिकर विभागाच्या वार्षिक माहिती विवरणातून समजले. वडिलांना विचारले, तर ‘तुझ्याच साठी ठेवलेत रे’ असे उत्तर आले. ते खरेही होते. पण करकपात टाळण्यासाठीचा फॉर्म १५-जी आपल्या नावाने, आपले वार्षिक उत्पन्न करपात्र नाही असे लिहून, आपल्याला न विचारता भरला गेला होता, आणि आपण तर पगारदार. व्याजावरचा कर आणि त्यावरचे व्याज भरून प्रकरण मिटले. बापलेकात मात्र दोन महिने ताणाताणी राहिली.

२०२१ च्या नोव्हेंबरपासून हे विवरण पॅन क्रमांकानुसार प्रत्येकाला पाहता येऊ लागले, तेव्हापासून अशा गोष्टी झाकून राहत नाहीत. पॅन एकच, मग ठेव कोणीही ठेवो. विकास सोसायटीच्या किंवा पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार म्हणून झालेल्या सह्या मात्र या विवरणात दिसत नाहीत. आपण कोणाला जामीन आहोत हे थकबाकीची नोटीस आल्यावरच कळते.

शेतीचेही तसेच. पीएम किसान योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. सज्ञान मुलाच्या नावावर १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी जमीन असेल तर तो स्वतंत्र लाभार्थी, वर्षाला ६,००० रुपयांचा. तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षबागा असोत की कोरेगावचे घेवड्याचे रान, वाटणीपत्राने मुलांच्या नावावर जमीन झालेली असली तरी केवायसीपासून पीक विम्यापर्यंत सारे वडीलच पाहतात. हे असेच चालावे, अशी बहुतेक मुलांचीही इच्छा असते. गावी येऊन रांगेत उभे राहायला सुटी कोणाला आहे?

माहिती अधिकारात घरच्यांचे अर्ज

घरात जे मिळत नाही ते कार्यालयातून मागण्याचाही प्रयत्न होतो. मुलाचा पगार किती, मुलीने पत्ता कोठला दिला आहे, लग्न नोंदवले काय, असे अर्ज माहिती अधिकाराखाली येतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये गिरीश रामचंद्र देशपांडे यांच्या प्रकरणात नोकरीविषयक नोंदी व प्राप्तिकर विवरणे ही वैयक्तिक माहिती मानली आणि व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती देता येणार नाहीत, असे ठरवले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये मात्र पोटगीच्या वादात पत्नीला पतीचा पगार कळणे वेगळ्या नजरेने पाहिले. पोटगी मागणाऱ्या वृद्ध आई-वडिलांच्या बाबतीतही न्यायालयामार्फत माहिती मागवण्याचा मार्ग मोकळाच आहे. नोव्हेंबर २०२५ पासून माहिती अधिकार कायद्यातील ८(१)(जे) हे कलमच बदलले असून वैयक्तिक माहिती सरसकट वगळली गेली आहे. पत्रकारांना या बदलाचा जाच अधिक आहे. पण तो वेगळा विषय.

आधारमधील पत्ता तर घरच्यांना मिळूच शकत नाही. हुबळीच्या एका महिलेने वेगळ्या राहणाऱ्या पतीचा पत्ता आधार प्राधिकरणाकडे मागितला होता, पोटगीचा आदेश बजावण्यासाठी. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने २०२३ मध्ये विवाहामुळे खासगीपणाचा हक्क झाकोळला जात नाही, असे सांगितले. अशी माहिती उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या आदेशानेच, आणि तीही क्रमांकधारकाचे म्हणणे ऐकून, उघड करता येते. पती-पत्नीला जे लागू, ते आई-वडील आणि सज्ञान अपत्य यांना लागू नसण्याचे कारण दिसत नाही.

नोटीस फलकावरची नावे

एका ठिकाणी मात्र कायदाच सज्ञान मुलांची माहिती चारचौघांत, आणि म्हणून घरीही, पोचवतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. तीत दोघांची नावे, वय, व्यवसाय, पत्ता. ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ठळक जागी लावली जाते, नोटीस वही कोणालाही विनाशुल्क पाहता येते. त्यातही अधिक अडचणीचे म्हणजे, मुलगा पुण्यात राहत असला आणि त्याचे कायमचे घर सांगलीत असले, तर नोटिशीची प्रत सांगलीच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाऊन तेथेही लागते. ज्यांच्यापासून गोष्ट लपवायची त्यांच्याच गावात ती लावण्याची ही व्यवस्था आहे. हिंदू विवाह कायद्याखाली अशी नोटीस नाही. त्यामुळे आंतरजातीय जोडप्यांना दुसरा रस्ता उरतो, आंतरधर्मीयांना तो नाही.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही नोटीस प्रसिद्ध करणे जोडप्याच्या इच्छेवर सोडले. केरळ सरकारने २०२० मध्ये अशा नोटिसा संकेतस्थळावर टाकणे थांबवले. महाराष्ट्राने १३ डिसेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने उलट दिशा धरली. आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाह केलेल्यांची आणि त्यांच्या दुरावलेल्या कुटुंबांची माहिती घेण्यासाठी तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. टीका झाल्यावर ‘आंतरजातीय’ हा शब्द वगळण्यात आला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या साताऱ्यात, जेथे अंनिसचे कार्यकर्ते अशा जोडप्यांच्या पाठीशी वर्षानुवर्षे उभे राहिले, हा निर्णय कसा वाचला गेला असेल हे सांगण्याची गरज नाही. सज्ञान व्यक्तींच्या विवाहाला कुटुंबाची वा समाजाची संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात स्पष्ट केले होते.

नाव हीच ओळख

सातारा जिल्ह्याचा या विषयाशी आणखी एक संबंध आहे आणि तो सर्वांत जुना आहे. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली की तिचे नाव नकुशी, नकोशी ठेवण्याची प्रथा या जिल्ह्यात होती. घरातली सर्वांत खासगी गोष्ट, आई-वडिलांना हे मूल नको होते ही, जन्मनोंदीपासून शाळेच्या हजेरीपर्यंत सर्वत्र लिहिली जात होती. वाचकांना आठवत असेल, २२ ऑक्टोबर २०११ रोजी जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने साताऱ्यात समारंभ झाला आणि अशा सुमारे २८५ मुलींना नवी नावे व तशी प्रमाणपत्रे देण्यात आली. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली.

त्या मुलींपैकी अनेक जणी आता सज्ञान आहेत. त्या समारंभात शाळेत असलेल्यांचे तुलनेने सोपे होते. ज्यांचे नाव तेव्हा बदलले नाही किंवा एका कागदावर बदलून दुसऱ्यावर राहून गेले, त्यांना आता रीतसर राजपत्राचा मार्ग धरावा लागतो, कारण शाळा सोडल्यानंतर दाखल्यातील नाव सहजासहजी बदलत नाही. जन्माच्या नोंदीची गोष्ट त्याहून बिकट. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या सतराव्या कलमानुसार कोणीही व्यक्ती जन्माच्या नोंदीचा शोध घेऊन दाखला मागू शकते. झाकायचे ते फक्त मृत्यूचे कारण.

राजपत्रातील सूचनेत जुने नाव आणि नवे नाव शेजारी शेजारी छापले जाते, खाली पत्ता. पूर्वी हे अंक कचेरीत धूळ खात पडत. आता ते महाराष्ट्र शासनाच्या मुद्रण विभागाच्या संकेतस्थळावर असतात. सासरी जिने आपले पहिले नाव सांगितलेले नाही, तिला ते नाव पुसण्यासाठी आधी एकदा ते छापून द्यावे लागते.